रात्रीच्या कॉलेजचा बडग्या

लग्न होऊन मी नागपुरात आले तेव्हा लकडगंजातल्या आमच्या रस्त्यावर संध्याकाळ नावाची गोष्टच नव्हती. दिवस असायचा आणि मग एकदम रात्र. दिवसभर लाकूड कापणाऱ्या आरामशिनींची कुरकुर, लाकडांनी लादलेल्या बंड्या, हमालांच्या शिव्या. सहाला मशिनी थांबल्या की लाकडाच्या वखारींचे मालक, टालवाले, फाटकाला कुलूप घालत आणि थोड्याच वेळात रस्ता ओस पडे. दिव्याचे खांब होते, पण त्यांवर दिवे लागतीलच असं नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना सागाचे ओंडके पडलेले असत. त्यांच्या आडोशाला मागच्या बोळातल्या हातभट्टीची गिऱ्हाइकं येऊन बसत. सट्टापट्टीचे आकडे तिथंच लागत, भांडणं तिथंच होत. दिवेलागणीला बायका घरात आणि कड्या आतून. लेकराला ताप आला तरी सकाळपर्यंत कळ काढायची, नाहीतर नवऱ्याला दवाखान्यात पिटाळायचं, आणि नवरा पुष्कळदा त्या ओंडक्यांवरच बसलेला असायचा.

हे आधी सांगून टाकते, कारण आता म्हातारी माणसं म्हणतात, आपला मोहल्ला पूर्वी किती शांत होता. होता शांत. मसणवटाही शांतच असतो.

माझा नवरा आरामशिनीवर कामाला होता. लाकडाचा भुसा छातीत जाऊन जाऊन खोकत गेला. मागे मी आणि एक मुलगी. मी शेवया-पापड करून देत असे, त्यावर मीठ-मिरची निघायची. मुलगी मॅट्रिक झाली आणि तिला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा महिनाभराचं धान्य एकदम भरलं गेलं. नोकरी चांगली, पक्की. अडचण एकच. एक आठवडा सकाळची ड्युटी, तर पुढच्या आठवड्यात रात्री आठपर्यंतची. ऑफिसाकडून, सदरहून येणारी बस तिला मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तिथून घरापर्यंत तो रस्ता.

मग मी तिला आणायला जायची. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. लोकांना वाटे, भाजी आणायला निघाली. तो बत्ता एकदा वापरावा लागला. कोणावर ते लिहीत नाही, त्याला आता नातवंडं आहेत.

कॉलेज आमच्याकडे चीनच्या लढाईनंतर आलं. रस्त्याच्या टोकाला कापसाची एक जुनी जिनिंग बंद पडून होती. तिच्यात चार खोल्या पाडून कॉमर्सचं कॉलेज काढलं. आम्हाला वाटलं, चालेल तितके दिवस चालेल. पण ते वाढत गेलं. शेजारचं गोदाम घेतलं, त्यावर मजला चढवला, मागे पोरांचं वसतिगृह बांधलं. मग इतवारीतल्या कापडाच्या, भांड्यांच्या दुकानांत दिवसभर राबणाऱ्या पोरांसाठी रात्रीचे वर्ग काढले. सहाला सुरू होत, साडेनऊला सुटत. दुकानातून सुटलेली पोरं सायकली हाणत यायची. काही मुलीही येऊ लागल्या. फाटकाजवळ चहाची टपरी लागली. टपरीपुढे जुन्या पुस्तकांची हातगाडी. पंक्चरवाला आला, मग उसाचा रस, मग उकडलेल्या शेंगा. कॉलेजनं महापालिकेच्या मागे लागून खांबांवर दिवे लावून घेतले. भट्टीच्या गिऱ्हाइकांना उजेड सोसत नाही. ती हळूहळू नाल्याकडे सरकली.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखी बसस्टॉपवर उभी होते. मुलगी उतरली आणि म्हणाली, "माय, उद्यापासून तू येऊ नको."

"काहून?"

"एवढा उजेड असून तू कंदील घेऊन उभी राहतं. कॉलेजची पोरं हसून राहिली. मले कंदीलवाली म्हणतात."

"म्हणू दे. म्हटल्यानं भोकं पडते का?"

"भोकं नाही पडत. पण आता गरज काय वं? पाय बघ तुहे."

तिचं खरं होतं. माझे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते. पहिले काही दिवस मी दारात उभी राहून वाट पाहिली, मग दारात जाणंही सोडलं. ती शेंगा सोलत, टरफलं टाकत घरी यायची. वाटेत टपरीवर, वर्गाच्या मधल्या सुट्टीत तिला शेजारणीचा पोरगा भेटायचा, तो भांड्यांच्या दुकानात कामाला होता आणि रात्रीच्या वर्गाला यायचा. "काकू, आज तुमच्या पोरीची बस लेट आहे," असं तो मधल्या सुट्टीत मला ओरडून सांगे.

मोहल्ल्याला मात्र हे कॉलेज पचत नव्हतं. तक्रारी सगळ्या खोट्या नव्हत्या. पोरं सिनेमाची गाणी म्हणत, सिगारेटी ओढत, कोणाच्याही भिंतीशी उभी राहून मुतत. सायकली वाटेल तिथं लावत, त्यामुळे समोरच्या टालवाल्याच्या बंड्या अडत. आणि सगळ्यांत जास्त राग ओंडक्यांवर बसण्याचा. वर्ग सुटला की पोरं ओंडक्यांवर बसून परीक्षेचं बोलत, राजकारणाचं बोलत, एखादी मुलगीही वही घेऊन बसलेली असे. टालवाल्यानं ओंडक्यांवर मशीनचं जळकं ऑइल ओतून ठेवलं. पोरांनी वर्तमानपत्रं अंथरली आणि बसली.

माझे धाकटे दीर त्याच टालवर मुनीम होते. मालकाला खोकला आला तर हे छाती चोळून घेत. ते मला म्हणाले, "वयनी, त्या ओंडक्यांवर पोरापोरी संगमंगच बसून राहिले. उद्या आपल्या पोरीचंही नाव निघन."

मी म्हणाले, "भाऊजी, आधी तिथं दारुडे बसत होते. तेव्हा तुमचं तोंड कुठं होतं?"

ते स्वतःही तिथं बसलेले मी पाहिलेले होते.

बांगलादेशच्या लढाईनंतरचा पोळा असेल तो. नागपूरच्या माणसाला मारबत सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडग्ये असतात. बडग्या म्हणजे बांबू, कागद, जुन्या कपड्यांचा पुतळा. त्या साली लोकांना जे छळत असेल त्याचा बडग्या करायचा, त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, वाजतगाजत न्यायचा आणि जाळायचा. रोगराई, ढेकूण, मच्छर, महागाई, काळाबाजार, मंत्री, सगळ्यांना "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं. ओरडताना लाजलज्जा नसते. वर्षातून एक दिवस शिव्या माफ असतात.

त्या साली आमच्या मोहल्ल्यानं रात्रीच्या कॉलेजचा बडग्या केला. पुढाकार दिरांचा, कपडे आणि कागद टालवाल्याचे. बडग्याला घट्ट विजार, डोक्यावर काथ्याचे लांब केस, तोंडात पुठ्ठ्याची सिगारेट, काखेत पुस्तक. गळ्यात पाटी, "रात्रीचं कॉलेज". करणाऱ्यानं मोठा छान केला होता. मी दारातून पाहिला आणि मलाही हसू आलं. कॉलेजची आपल्या भागातली पोरं तर स्वतः खांदा द्यायला धावली. शेजारणीचा पोरगा बडग्यापुढे नाचत होता आणि "रात्रीच्या कॉलेजले घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता. त्याच संध्याकाळी तो वर्गाला जायला निघालेलाही मी पाहिला.

पण कॉलेजचे प्रिन्सिपल पुण्याकडचे होते, नवीनच आलेले. मिरवणूक कॉलेजपुढे थांबली, कोणीतरी फाटकाच्या आत फटाक्यांची लड फेकली, आणि गळ्यात कॉलेजचं नाव असलेला पुतळा लोक चपलांनी मारताना त्यांनी गच्चीतून पाहिला. वर्ग घ्यायला येणाऱ्या दोन बाईही तिथंच होत्या. त्या रडकुंडीला आल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला. रात्रीचे वर्ग बंद. दिवाळीनंतर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॉलेजच्या नव्या जागेत भरतील.

दिरांनी पेढे वाटले. मी घेतला नाही.

पोरं गेली तशी टपरी संध्याकाळी बंद होऊ लागली. पुस्तकांची गाडी इतवारीकडे गेली. एक एक करून दिवे गेले. बल्ब कोणी चोरले की फोडले, देव जाणे, नवे लावून घेणारं कोणी राहिलं नाही. आणि नाल्याकडे गेलेली भट्टीची मंडळी परत ओंडक्यांवर आली. जणू कोणाच्या घरी गेली होती आणि आता आपल्या घरी आली.

मुलीची आठपर्यंतची ड्युटी सुरू झाली तशी मी परत पिशवी काढली. दोन-तीन दिवस गेले. मग एकदा परत येताना अंधारात एका सोडलेल्या फळीला अडकून मी पडले. गुडघा टरारून सुजला. मुलीनं मला खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. मागे कोणी दोघं घाण घाण बोलत येत होते, दारापर्यंत आले. कडी लावल्यावर मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. ती रडली नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माय, साहेबाले विचारतो, मले फक्त सकाळचीच ड्युटी देता का."

साहेबानं सांगितलं, सगळ्यांना पाळी करावीच लागते. जमत नसेल तर सोडा, दारात दुसऱ्या पोरी उभ्या आहेत.

दीर गुडघा बघायला आले. बघून झाल्यावर म्हणाले, "मी काय म्हणतो वयनी, पोरीले राजीनामा द्याले लावा. उमरेडकडचं एक स्थळ आहे. शेती आहे, घर आहे."

"आणि मी?"

"तुम्ही काय, आमच्याकडे येऊन राहसान. दोन भाकरी कुठं जड होते."

दोन भाकरी. मला त्यांच्या घरच्या चुलीपुढे बसलेली मीच दिसले. जावेचं तोंड बघत भाकरी तोडायची आणि पोरीनं उमरेडला निंदण करायचं. मुलगी आतल्या खोलीतून ऐकत होती. तिनं काही म्हटलं नाही, आणि ती काही म्हणाली नाही याचीच मला भीती वाटली. आणखी दोन आठवडे असेच गेले असते तर तिनं राजीनामा दिला असता.

ते गेल्यावर मी शेजारणीला हाक मारली. तिच्या पोराचंही वर्ष बुडणार होतं. नवी जागा इतकी लांब की दुकान सोडून तिथं पोचेपर्यंत वर्ग सुटायची वेळ. मी म्हणाले, "चाल वं, कॉलेजात जाऊ."

"आपण? आपण काय बोलाचं तिथं? तू चवथी, मी तेवढीही नाही."

"आपल्याले का परीक्षा द्याची आहे? बोलाचं आहे. तोंड तर आहे ना तुहं. नवऱ्यासंग भांडतं तेव्हा चौकापर्यंत ऐकू येते."

ती आली. वाटेत आणखी दोघी आल्या. मी काठी टेकत चालत होते. दुपारची वेळ होती.

प्रिन्सिपल साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. माणूस सभ्य. म्हणाले, "बाई, तुमच्याच मोहल्ल्यानं आमचा पुतळा जाळला. आता वर्ग चालू ठेवा म्हणता, हे कसं?"

"जाळला ना साहेब," मी म्हणाले. "आम्ही दर साली ढेकणं जाळतो. आज माझ्या घरी येऊन बाज झटकून पाहा. महागाई जाळतो. ती गेली का? मच्छर जाळतो. कोणी गेलं नाही. मग तुमचंच कॉलेज काहून पळून राहिलं?"

शेजारीण म्हणाली, "ज्याचा बडग्या निघते तो मोठा माणूस असते साहेब. माह्या नवऱ्याचा काढा म्हणून मी दर साली सांगतो, कोणी काढत नाही."

साहेबांनी दारातल्या चपराश्याकडे पाहिलं. तो आमच्याच बाजूचा, खाली बघून हसत होता. "हे खरं आहे का रे?"

"हो साहेब. मंत्र्याचाही निघते. मंत्री दुसऱ्या दिवशी बंगल्यातच असते."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"मले वाटलं, तुम्हाले फटाक्याचा राग आला."

"फटाक्याचाही आलाच," साहेब म्हणाले, आणि मग गंभीर झाले. "हे बघा, माझ्याकडे शिकवायला दोन बाई आहेत. त्या घाबरल्यात. त्यांना मी काय सांगू?"

हे मला अपेक्षित नव्हतं. मी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "त्या घाबरल्या तर तुम्ही कॉलेज हलवून राहिले. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून घाबरतच आहोत साहेब. आम्हाले कुठं हलवता? तुमचे वर्ग होते तेवढे दिवस माही पोरगी एकटी घरी येत होती. आता तिची नोकरी जाऊन राहिली."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. शेजारणीला वाटलं, काम फिसकटलं, तेव्हा मनातलं तरी बोलून घ्यावं. ती म्हणाली, "पण पोरांना भिंतीशी मुतू नका म्हणा. एक मुतारी बांधा. माह्या भिंतीचा रंग गेला."

साहेब हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. म्हणाले, "मुतारी बांधतो. पण मलाही तुमच्याकडून काही पाहिजे. आमच्या बाई रात्री सुटतात तेव्हा रस्त्यावर तुमच्यापैकी कोणी दिसलं पाहिजे. बायका दिसल्या पाहिजेत. नुसते पुरुष नकोत."

"दिसू," मी म्हणाले. घरी जेवल्यावर कोण बसेल, कोणाचा नवरा बसू देईल, याचा काही विचार केला नव्हता.

दरम्यान टालवाल्याचंही डोकं ठिकाणावर आलं होतं. रस्ता अंधारात गेल्यापासून त्याच्या टालमधून सागाच्या फळ्या जाऊ लागल्या. चौकीदार एकटा, तोही भट्टीवाल्यांसोबत पिणारा. दीर येऊन इकडचं तिकडचं बोलत बसले, मग म्हणाले, "मालक म्हणून राहिले, ते पोट्टे बसत होते तेव्हा एक ढलपी गेली नव्हती."

"मग आता भट्टीचा बडग्या काढा," मी म्हणाले. "आणि माझा गुडघा बरा होऊन राहिला. उमरेडवाल्यांना सांगून द्या, पोरगी नोकरी करते म्हणून."

"ते नोकरीवाली पोरगी नाही करत वयनी."

"म्हणूनच सांगा म्हटलं."

दसऱ्याच्या आधी वर्ग परत आमच्याच रस्त्यावर सुरू झाले. दिवे लागले. टपरीवाल्यानं पहिल्या दिवशी फुकट चहा पाजला. आम्ही बायका कबूल केल्याप्रमाणे जेवण आटोपून बाहेर आलो. आधी दारातच घुटमळलो. कोणाच्या नवऱ्यानं "कुठं चालली?" म्हटलं, तर ती म्हणाली, "कॉलेजात." मग ओंडक्यांपर्यंत गेलो. एका पोरानं आम्हाला वर्तमानपत्र अंथरून दिलं, "काकू, ऑइल लागन," म्हणाला. बसलो. हवा चांगली होती. इतकी वर्षं त्या रस्त्यावर राहून मी रात्री आभाळाखाली बसले नव्हते. दोन शिकवणाऱ्या बाई सुटल्यावर आमच्यापुढून गेल्या, त्यांनी मान हलवली, आम्हीही हलवली. पुढे तर पावसाळा सोडला तर रोज बसायची सवयच लागली. आमचं पाहून पुढच्या गल्लीतल्या बायका यायला लागल्या.

पुढे कॉलेज फारच वाढलं. टाला शहराबाहेर गेल्या, त्यांच्या जागी झेरॉक्सची दुकानं, खानावळी, भाड्याच्या खोल्या आल्या. भाडी वाढली. आता गोंगाट इतका की दुपारी डोळा लागत नाही. मला त्याचा त्रास होतो आणि मी तसं बोलूनही दाखवते. पण कॉलेज नसतं तर बरं, असं माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. मुलगी त्याच ऑफिसातून पेन्शन घेऊन निघाली. लग्न तिनं आपल्या मनानं केलं, तेही उशिरा.

वर्ग सुरू झाल्यावर तिची आठची पाळी पहिल्यांदा आली, ती संध्याकाळ एवढी सांगते. माझा गुडघा पुन्हा ठणकत होता, त्यामुळे त्या दिवशी मी बाहेर बसायला गेले नाही. वरण-भात केला, तिचं झाकून ठेवलं आणि जेवून घेतलं. पूर्वी अशा वेळी घास गिळत नसे, कान रस्त्याकडे असत. बाहेर सायकलींच्या घंट्या, पोरांचं हसणं, शेजारणीचं कोणाला तरी दरडावणं चालू होतं. दार नुसतं लोटून जरा टेकावं म्हणून आडवी झाले.

ती आली तेव्हा मी झोपलेली होते. तिनं मला उठवलं नाही. सकाळी उठून पाहिलं तर तिचं ताट घासून पालथं घातलेलं होतं, आणि ती कुशीवर वळून घोरत होती.